कुत्या, दीदुख आणि बारा पदार्थ : युक्रेनियन नाताळची सांज घरी मांडायची तर

युक्रेनमध्ये नाताळच्या जेवणाला मी पहिल्यांदा बसत होते, तेव्हा घरमालकीण आजींनी दंडाला धरून मला थांबवलं. बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आधी फुंकर मार." मला वाटलं धूळ असेल, पण बाक तर लख्ख पुसलेला. मग त्यांच्या नातवाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की आज घरातली गेलेली माणसं जेवायला आलेली असतात, न बघता बसलीस तर कुणाच्या तरी मांडीवर बसशील.

इव्हानो-फ्रांकिव्स्कला मी सहा वर्षं मेडिकलला होते. नाताळ म्हणजे केक, सांताक्लॉज आणि कॅम्पातली रोषणाई एवढीच माझी समजूत. त्या फुंकरीनंतर मात्र डोळ्यांसमोर आली ती आमच्या गावाकडची सर्वपित्री अमावस्या. म्हणून हा लेख वाचून कुणी ही सांज घरी करून बघणार असेल, किंवा कॅनडा-पोलंडमध्ये युक्रेनियन शेजाऱ्यांचं आमंत्रण आलं असेल, तर एवढं धरून चाला : ही पार्टी नाही. उपासाचं, सोवळ्यातलं म्हणावं असं जेवण आहे आणि पंगतीला पितर आहेत. हे डोक्यात बसलं की पुढचे बरेच नियम आपोआप कळतात.

आधी तारीख पक्की करा

या सांजेला 'स्व्यात वेचिर' म्हणतात, म्हणजे पवित्र संध्याकाळ. मी तिथे होते तेव्हा ती ६ जानेवारीला असायची, कारण चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालायचं आणि ते आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून युक्रेनची ऑर्थोडॉक्स चर्च आणि ग्रीक कॅथलिक चर्च या दोघांनी स्थिर सणांसाठी नवं पंचांग घेतलं. त्याआधी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी सही केलेल्या कायद्याने ७ जानेवारीची सरकारी सुट्टीही गेली, राहिली फक्त २५ डिसेंबरची. मॉस्कोशी जुने धागे असलेली चर्च अजून ७ जानेवारीच पाळते, आणि कॅनडातल्या काही पॅरिशमध्येही जुनीच तारीख चालते. त्यामुळे आमंत्रण आलं तर "कितव्या तारखेला?" हे विचारायला लाजू नका. घरीच करणार असाल तर २४ डिसेंबर.

तारीख बदलली म्हणून सगळी माळ १३ दिवस अलीकडे सरकली. संत निकोलस, म्हणजे उशाखाली खाऊ ठेवून जाणारा 'मिकोलाय', आता ६ डिसेंबरला येतो. मालांका, म्हणजे सोंगांची रात्र, ३१ डिसेंबरला आणि योर्दान, म्हणजे नदीचं पाणी मंत्रून आणायचा दिवस, ६ जानेवारीला.

चार-पाच दिवस आधी

बिटाचं पाणी आंबवायला टाका. किलोभर बीट सोलून, जाड फोडी करून काचेच्या बरणीत घालायचं. त्यावर उकळून गार केलेलं दोन लिटर पाणी आणि चमचाभर मीठ. तोंडाला फडकं बांधून ठेवायचं. पुण्याच्या डिसेंबरात चौथ्या दिवशी आंबट वास येतो. वर पांढरा फेस आला तर काढून टाका, पण हिरवी-काळी बुरशी दिसली तर जीव जडवून बसू नका, सगळं ओतून द्या. याला 'क्वास' म्हणतात आणि नाताळच्या बोर्श्चचा, म्हणजे बिटाच्या सूपचा, आंबटपणा इथूनच येतो. लिंबू पिळून ती चव येत नाही, मी पिळून बघितलं आहे.

याच दिवसांत गवत आणि ओंब्या मिळवून ठेवा. गोठेवाल्याकडून ओंजळभर वाळलं गवत. डिसेंबरात आपल्याकडे गहू शेतात हिरवा असतो, त्यामुळे सुक्या ओंब्यांची पेंढी फुलवाल्याकडे आधी सांगावी लागते. ती मिळाली नाही तर ज्वारीच्या कणसांचीही चालेल. युक्रेनमध्येही कुठे गहू, कुठे राई, कुठे ओट, ज्याच्या शेतात जे पिकलं ते. या पेंढीला 'दीदुख' म्हणतात. 'दीद' म्हणजे आजोबा. घरचे पूर्वज या पेंढीत उतरतात अशी समजूत आहे. (आणि 'बाबा' म्हणजे आजी. पहिले दोन महिने माझा यात भयंकर गोंधळ व्हायचा.)

कुत्या : इथे घाई नको

नाव ऐकून हसून घ्या, मीही हसले होते. उच्चारात शेवटच्या 'त्या'वर जोर द्यायचा, की कुत्र्याची आठवण जरा कमी होते. अख्ख्या गव्हाचा, खसखस-मधाचा हा पदार्थ टेबलावर सगळ्यात आधी येतो आणि तो नसेल तर बाकीचे अकरा असूनही स्व्यात वेचिर झाली असं कुणी मानत नाही. उकडलेल्या गव्हात मध घालून केलेला 'कोलिव्हो' तिथे श्राद्धालाही करतात, यावरून नातं लक्षात येईल.

आमच्या कोल्हापूरकडे खपली गव्हाची खीर करतात. त्यासाठी सडून कोंडा काढलेले गहू मिळतात, तेच घ्या. वाटीभर गहू रात्री भिजत घाला. सकाळी तिप्पट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या. दाणा बोटांत चिरडला गेला पाहिजे, पण दिसायला अख्खा राहिला पाहिजे. आपण खिरीसाठी गहू घोटतो, तसा हा घोटायचा नाही. उरलेलं पाणी निथळून टाका आणि गहू परातीत पसरून गार करा.

आता खसखस. तिथली निळसर काळी, आपली पांढरी. चवीत फार फरक नाही, दिसण्यात आहे. अर्धी वाटी खसखस बारीक गाळणीत धुवा, तिच्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून दोन तास ठेवा. मग पाणी काढून वाटा. बाबुस्या (आम्ही घरमालकीण आजींना हेच म्हणायचो, 'आजी'चं लाडकं रूप) 'माकित्रा' नावाच्या मातीच्या कुंड्यात लाकडी दांड्याने वाटायच्या. कुंडा आतून खरबरीत, रेघारेघांचा. त्या तो दोन गुडघ्यांत धरून बसायच्या आणि दांडा फिरवताना कुणाशी बोलायच्या नाहीत. वीसेक मिनिटांनी काळी खसखस राखाडी व्हायची आणि कडेला पांढरं दूध सुटायचं. झालं की नाही ते त्या रंगावरून ठरवायच्या. आपल्या पांढऱ्या खसखशीत ही खूण मिळत नाही, म्हणून चिमूटभर दातांखाली घेऊन बघा. कचकच लागली तर अजून वाटा. पाटा-वरवंटा असेल तर फारच छान. मिक्सरमध्ये करायचं तर लहान भांडं घ्या, दोन चमचे पाणी घाला आणि थांबून थांबून फिरवा, नाहीतर खसखस नुसती गोल फिरत राहते आणि अख्खीच राहते.

गार गव्हात वाटलेली खसखस, चार-पाच मोठे चमचे मध, मूठभर भाजून जाडसर तोडलेले अक्रोड आणि भिजवलेल्या मनुका घाला. मध गरम गव्हात घालू नका, त्याचा वास उडून जातो. फार घट्ट वाटलं तर उझवार, म्हणजे सुक्या फळांचं उकळलेलं पाणी, घालून सैल करा. त्याची कृती पुढे आहे. दोन-तीन तास मुरू द्या.

इथे मराठी हात चुकतात ती जागा सांगते. आपला हात न विचारता तुपाच्या बरणीकडे जातो. तूप नाही, दूध नाही, खवा तर नाहीच. नाताळच्या आधी चाळीस दिवसांचा उपास चाललेला असतो आणि तो या जेवणापर्यंत सुटलेला नसतो. त्यामुळे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. वेलदोडा-जायफळाला धर्माची आडकाठी नाही, पण घातलंत तर ती आपली खीर होईल. एकदा मी घातलं होतं. बाबुस्यांनी एक चमचा खाल्ला, "चवीला छान आहे," म्हणाल्या आणि स्वतःची वेगळी कुत्या काढून टेबलावर ठेवली.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरी : दुबई किंवा सिंगापूरला जाताना सामानात खसखस नेऊ नका. तिथे तिच्यावर बंदी आहे आणि 'सणासाठी आणली' हे कारण विमानतळावर कुणी ऐकून घेणार नाही.

बाकीचे अकरा

बारा हा आकडा बारा शिष्यांसाठी, असं बहुतेक घरांत सांगतात. काही जण वर्षाचे बारा महिने म्हणतात. मोजणी मात्र प्रत्येक घराची वेगळी. कुणी पाव मोजतात, कुणी लोणचंसुद्धा. माणसं कमी असतील तर प्रत्येक पदार्थ वाटीभरच करा, पण बारा भरवा.

उझवार सगळ्यात सोपा. सुकवलेली सफरचंदं, नाशपती, आलुबुखारे मिळून पाव किलोच्या वर, दोन लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळून रात्रभर झाकून ठेवायचं. साखर लागलीच तर मध. तिथल्या नाशपतीला धुराचा वास असतो, कारण ती भट्टीत सुकवतात. मी निखाऱ्यावर तेलाचे दोन थेंब टाकून पातेल्यात धुनी देते. आणून द्यायला तिथून कुणी येईपर्यंत एवढ्यावर भागतं.

बोर्श्च या दिवशी पातळ आणि लालभडक असतो, भाज्यांच्या फोडी नसलेला. भाजीचं आणि सुक्या मशरूमचं पाणी उकळून गाळायचं, त्यात आंबवलेलं बिटाचं पाणी घालायचं आणि मग उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रंग विटकरी होतो. त्यात 'वुश्का' सोडतात, म्हणजे छोटे कान. मशरूमचं सारण भरलेल्या नखाएवढ्या मोदकांसारखं काहीतरी. कार्पेथियन डोंगरातली सुकी मशरूम इथे मिळत नाहीत, सुकी शिताके चालतात. युक्रेनियन बोर्श्च करण्याची परंपरा युनेस्कोने २०२२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतली. हे तिथल्या माणसासमोर बोलून बघा, मग पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायला लागणार नाही.

वारेनिकी म्हणजे उकडलेल्या करंज्या. मैदा, कडकडीत पाणी, दोन चमचे तेल, मीठ, आणि अंडं नाही. आत कुस्करलेला बटाटा आणि ब्राउन परतलेला कांदा, दुसऱ्या घाण्यात आंबवलेली कोबी. कड नुसती चिमटून बंद करतात. मी पहिल्या वर्षी सवयीने करंजीची मुरड घातली. बाबुस्यांनी ती वारेनिकी उचलून दिव्याखाली धरली आणि शेजारणीला हाक मारली. त्या दिवशीच्या उरलेल्या ऐंशी वारेनिकींना मुरड मीच घातली, कौतुक अंगाशी येतं ते असं. उकळत्या पाण्यात वर तरंगू लागल्या की दोन मिनिटांनी काढा आणि लगेच तेल लावा, नाहीतर चिकटून गोळा होतो.

होलुब्त्सी म्हणजे कोबीच्या पानातल्या भात-मशरूमच्या गुंडाळ्या. या दिवशी त्या बोटाएवढ्याच करतात. मासा हवाच. तिथे कार्प असतो, आपल्याकडे त्याच्याच कुळातला रोहू मिळतो. पांढरा राजमा उकडून लसूण-तेलात घोटायचा. मग वाटाण्यांसह कोबी, कांद्याच्या रश्श्यातली मशरूम, खारवलेल्या काकड्या. तेल लाकडी घाण्याचं सूर्यफुलाचं घ्या, त्याला तिथल्यासारखा बियांचा वास असतो. गोडात पम्पुश्की, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे. गालिचिनात, म्हणजे देशाच्या पश्चिम भागात, त्यांत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा भरतात. आपल्याकडे गुलकंद तयारच आहे. परदेशी सणाला इतकं चपखल बसणारं आपलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

बारावा कोलाच : वेणीसारखे विणलेले तीन गोल पाव, एकावर एक रचलेले, मध्ये मेणबत्ती. बेकरीवाल्याला बिनअंड्याचा, बिनदुधाचा सांगून करून घेतलात तरी कुणी नावं ठेवणार नाही.

टेबल मांडताना

आधी टेबलावर गवत पसरा, येशू गोठ्यात जन्मला म्हणून. चार कोपऱ्यांत लसणाची एकेक पाकळी ठेवा, ती वाईटसाईट दूर ठेवायला. त्यावर स्वच्छ टेबलक्लॉथ, जमल्यास भरतकामाचा. तो थोडा उंचसखल दिसतो आणि ग्लास डगमगतात, ते तसंच असतं. मध्ये कोलाच, त्याच्याजवळ कुत्या. एक ताट-चमचा जास्तीचा, गेलेल्यांसाठी आणि दारात अवचित आलेल्या परक्यासाठीही. खिडकीत एक दिवा.

दीदुख घरातला कर्ता पुरुष बाहेरून आत आणतो आणि कोपऱ्यात, देवाच्या चित्राखाली ठेवतो. आणताना म्हणतात, 'दीदुख दो खाती, बिदा झ खाती', म्हणजे दीदुख घरात, पीडा घराबाहेर. आपल्या 'इडा पिडा टळो'चा हा सख्खा भाऊ. बाबुस्यांच्या घरात कर्ता पुरुष उरला नव्हता, तेव्हा त्या स्वतःच आणायच्या आणि कुणी काही म्हणायचं नाही.

जेवणाचा क्रम

दिवसभर कुणी धड खात नाही. लहान मुलं पहिला तारा दिसायची वाट बघत अंगणात नाहीतर बाल्कनीत असतात. तिथे साडेचारलाच अंधारतं. पुण्यात सहा वाजून जातात, तेवढी मुलांना समजूत घालावी लागेल. खेडेगावात माणसांआधी गुरांना वाढतात, कारण या रात्री गुरं बोलतात आणि धन्याची गाऱ्हाणी देवाला सांगतात.

तारा दिसला की मेणबत्ती लावायची, प्रार्थना म्हणायची. यजमान म्हणतो, "ख्रिस्तोस नारोदिव्स्या!", ख्रिस्त जन्मला. उत्तर द्यायचं, "स्लावीते योहो!", त्याचा महिमा गा. पाहुणे म्हणून गेलात तर एवढं पाठ करून जा. 'मेरी ख्रिसमस' म्हटल्याने कुणी रागावत नाही, पण या दोन शब्दांनी चेहरे उजळतात ते वेगळंच.

बसायच्या आधी फुंकर. मग यजमान कुत्या घेऊन एकेकाला चमचा-चमचा देतो. जुन्या घरांत पहिला चमचा छताकडे उडवतात, जितके दाणे चिकटतील तितकं मधमाश्यांना आणि पिकाला बरं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे करण्याआधी डिपॉझिटचा विचार करावा. त्यानंतर बोर्श्च, मग बाकीचे पदार्थ. बारांपैकी प्रत्येकाचा निदान घास घ्यायचाच. मध्येच उठायचं नाही, उठायची मुभा फक्त वाढणाऱ्या गृहिणीला. मुलं टेबलाखाली शिरून कोंबडीसारखी कॉक-कॉक करतात, म्हणजे वर्षभर अंडी भरपूर. त्यांना वरून अक्रोड टाकायचे.

पाहुण्यांनी फुलं न्यायची तर विषम संख्येत. सम संख्येची फुलं तिथे मयताला नेतात. आणि वाइनच्या बाटलीपेक्षा मधाची बरणी बरी.

गाणी, आणि पुढचे दिवस

जेवणानंतर कोल्यादकी, म्हणजे जन्माची गाणी. मुलांची टोळी चांदणी घेऊन दारोदार जाते. काही ठिकाणी 'वेर्तेप', म्हणजे हेरोद राजा, मेंढपाळ, सैतान असं सोंगांचं नाटुकलं. सोव्हिएत काळात याला बंदी होती आणि नाताळऐवजी नववर्षाचं झाड दिलं गेलं. जानेवारी १९७२ मध्ये ल्विव्हला कोल्यादकी गाणाऱ्या लेखक-कवींची मंडळी पाठोपाठ पकडली गेली. ते अजून तिथे आठवतात. युद्धाच्या या वर्षांत संचारबंदीमुळे टोळ्या लवकर निघतात आणि जमलेले पैसे बऱ्याचदा सैन्याच्या मदतीला जातात.

'कॅरल ऑफ द बेल्स' म्हणून मॉलमध्ये वाजणारी धून मुळात युक्रेनियन 'श्चेद्रिक' आहे. मिकोला लिओन्तोविच यांनी बसवलेली ही रचना १९१६ मध्ये कीव्हला पहिल्यांदा गायली गेली, इंग्रजी शब्द १९३६ चे. मूळ गाण्यात घंटा नाहीत. एक पाकोळी उडत येऊन यजमानाला सांगते की बाहेर बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झाली. ते नाताळचंही नाही, नव्या वर्षाचं आहे. म्हणजे लावायचंच तर २४ ला नाही, ३१ ला लावा.

३१ ला मालांका. बायकांचा वेश केलेला पुरुष, बकरा, अस्वल, मृत्यू अशी सोंगं. बुकोव्हिनातल्या वाश्किव्ती आणि क्रास्नोइल्स्क या गावांची मालांका बघायला लांबून लोक येतात. त्या रात्रीची कुत्या 'श्चेद्रा', म्हणजे उदार. तीत दूध-लोणी सगळं चालतं, तूपसुद्धा. आठवडाभर आवरलेला हात तिथे मोकळा सोडा. १ जानेवारीच्या सकाळी मुलगे घरोघर धान्य फेकत शुभेच्छा देतात. ५ जानेवारीला पुन्हा उपासाची 'भुकेली' कुत्या आणि ६ ला योर्दान, नदीचं पाणी मंत्रून घरी आणायचा दिवस. सण संपला की दीदुख घराबाहेर नेऊन जाळतात, थोडे दाणे पेरणीसाठी राखून.

भांडी घासू नका

एक सांगायचं राहिलं. २४ च्या रात्री टेबल आवरायचं नाही. कुत्याचं भांडं, उझवारचा पेला आणि चमचे तसेच ठेवायचे, रात्री येणाऱ्यांसाठी. बाबुस्या चमचे मोजून ठेवायच्या : नवरा, थोरली बहीण, आईवडील. मग दिवा बारीक करून झोपायला जायच्या.

गेल्या नाताळला मी पुण्यात तसंच ठेवलं. सकाळी वाटीतली कुत्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली, तर साडेसहाला कावळा आला आणि अक्रोड बाजूला टाकून गहू तेवढा खाऊन गेला. व्हिडिओ कॉलवर बाबुस्यांना सांगितलं. त्यांना कावळ्याचं काही विशेष वाटलं नाही. म्हणाल्या, "आणि उझवार? प्यायला काही ठेवलंस की नाही?"